अस्वलीण आणि एक्केचाळीस फोन

४ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

बंधुराज,

गावसमितीच्या कार्यालयाच्या दारावर नोटीस लागली आहे आणि तिच्या तळाशी तुझं नाव आहे. चष्मा पुसून तीनदा वाचलं. तुझं नाव आईने इतक्या हौसेने ठेवलं होतं, ते असल्या कागदावर शोभत नाही.

नोटिशीचा मजकूर तुला ठाऊक असेलच, तरी मी वाचला तो लिहिते. अस्वलीण पुन्हा वस्तीत शिरली आणि माणसाच्या जिवाला धोका झाला, तर तिला ठार मारायचं. आदेशाची मुदत पंचवीस सप्टेंबरपर्यंत, म्हणजे एकवीस दिवस. धोका झाला की नाही, हे नेमलेल्या नेमबाजाने ठरवायचं. नेमबाज म्हणजे तू. बोलावलं की पाच तासांत हजर.

तू नकार दे. एवढंच सांगायला लिहिते आहे. फोनच केला असता, पण आईच्या अंत्यविधीला मी तुला चारचौघांत कसाई म्हटलं, तेव्हापासून सतरा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली, अख्ख्या जिल्ह्याचे नंबर जोडले, आणि सख्ख्या भावाचा लागत नाही. असो. पत्राला घंटी नसते, ते दार न वाजवता घरात येतं.

झालं ते थोडक्यात असं. अठ्ठावीस ऑगस्टला संध्याकाळी पाचच्या सुमारास अस्वलीण दोन पिल्लं घेऊन बेकरीमागच्या बोळात उतरली. त्या बोळाच्या टोकाला बेकरीवाल्याचा खड्डा आहे. शिळे पाव, करपलेले केक, जॅमच्या डब्यांची खरवड, सगळं त्यात. दोन वर्षं त्याला सांगते आहे, खड्डा बुजव. तो म्हणायचा, ऑपरेटरबाई, वास येत असेल तर खिडकी लावा. मी खिडकी लावली. अस्वलांना खिडक्या नसतात.

बेकरीवाल्याच्या खांद्याला आणि कानाला लागलं. एकोणतीस टाके. माणूस वाचला, हे देवाचे उपकार. बाकीचं गावाच्या निवेदनात लिहिलेलं आहे, ते तुझ्याकडे पाठवलं असेल. भाषा शुद्ध आहे, एवढं तरी मान्य कर.

खड्डा माणसाचा, फळबागा माणसांच्या, आणि गोळी तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुझी बंदूक तुझ्याकडेच ठेव. आम्ही तिला एकवीस दिवस गावाबाहेर ठेवून दाखवतो.

तुझी बहीण

८ सप्टेंबर, दुपार

बंधुराज,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आज सकाळी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि गावात सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे.

आधी हे सांगते, की वनखात्याने इथे एक रेंजर पाठवली आहे. पंचविशीची मुलगी, बुटाला सदैव चिखल, बोलणं नाकासमोर. आली त्याच दिवशी तिने समितीच्या सभेत सांगितलं, अस्वलाला गाव आवडत नाही, गावातलं खाणं आवडतं. खाणं उचला, अस्वल आपोआप जाईल. अध्यक्ष म्हणाले, आणि नाही गेलं तर? ती म्हणाली, तर निदान तुमचं गाव स्वच्छ होईल.

मला मुलगी आवडली.

तर खड्डा बुजला. बेकरीवाला खांद्याला पट्टा बांधून दारात बसला होता. खड्ड्याला हात लावाल तर खबरदार, म्हणत होता. त्याची बायको आतून फावडं घेऊन आली, एक शब्द बोलली नाही, आणि माती लोटायला लागली. मग आम्हीही लागलो. दुपारपर्यंत तिथे सपाट जमीन झाली. बेकरीवाला म्हणाला, घरभेदी निघाली. ती म्हणाली, तुम्ही उरलात ते पुरे आहे, परत टाके घालायला माझ्याकडे दोरा नाही.

मग नासपतीची झाडं. पिकून खाली पडलेली फळं उचलायला शाळा दोन दिवस बंद ठेवली. मी अडुसष्टाव्या वर्षी टोपली घेऊन चार झाडं साफ केली. कंबर अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि आता सकाळची गोष्ट. मधवाल्या आजोबांच्या तीस पेट्या टेकडीच्या उतारावर आहेत, तिथे रेंजरने झटका मशीन लावून तारेचं कुंपण केलं. तारेवर एक पत्र्याची पट्टी अडकवून तिला मध फासायला सांगितलं. आजोबा भडकले. मधही माझाच, आणि तो तिला मीच चाटवायचा? रेंजरने समजावलं. केसाळ अंगाला झटका कळत नाही, नाकाला कळतो. नाक तारेपाशी आणायचं तर मध हवा.

सहा वाजून दहा मिनिटांनी ती आली. आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो, दुर्बीण एक आणि डोळे तीस. काय चालते रे ती. पाटाच्या पाण्यासारखी, घाई नाही, थांबणं नाही. मागे दोन पिल्लं, एक शहाणं, एक टवाळ. ती पट्टीपाशी आली, हुंगलं, जीभ काढली, आणि चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले. एवढं मोठं धूड चेंडूसारखं उडालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. उडाली, पडली, फुत्कारली आणि पिल्लांना ढकलत रानात पळाली. काही मोडलं नाही, कुणाला लागलं नाही. गच्चीवर माणसं लहान मुलांसारखी हसत होती आणि मी सगळ्यात मोठ्याने हसत होते.

रेंजरने मला काम दिलं आहे. दरीत मोबाईल चालत नाही, म्हणून घरोघरी अजून तारेचे फोन आहेत. एकूण एक्केचाळीस. अस्वल दिसलं की टेहळणीवाला मला कळवणार आणि मी गावाला. बाई, असं पूर्वी कधी केलंय का, तिने विचारलं. बत्तीस वर्षं, मी म्हटलं. तिला बहुधा मागच्या महिन्याबद्दल विचारायचं होतं.

तुझी बहीण

१३ सप्टेंबर, दुपारी चार

बंधुराज,

सतरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही मांजराने पंजा मारल्यासारखं आहे. पोस्टकार्डावर नमस्कार नाही, प्रकृतीची चौकशी नाही, गावाच्या निवेदनावर बोट ठेवून एकच ओळ: "दारात उभ्या असलेल्या माणसाला पाठीमागून जखम कशी झाली?"

पहिल्यांदा नाकाला मिरच्या झोंबल्या. उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातं, असं एक पानभर लिहिलं. ते फाडलं. दुसरं लिहिलं. तेही फाडलं. तू लहानपणीही असाच होतास, सगळे आरडाओरडा करत असताना कोपऱ्यात बसून एकच प्रश्न विचारायचास आणि मग घरात कुणालाच जेवण जायचं नाही.

ठीक आहे. तो दारात नव्हता. बोळात होता आणि एकटा नव्हता. चाळीसेक माणसं होती.

आता विचारशील, चाळीस माणसं तिथे आली कशी. मी बोलावली नाहीत. मी फक्त फोन केले. त्या दिवशी गच्चीवर कपडे काढायला गेले होते, तिथून मला अस्वलीण बोळात उतरताना दिसली. मी धावत खाली आले. डायरी उघडली आणि एकापाठोपाठ एक नंबर फिरवायला सुरुवात केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण एखादी गोष्ट आपल्याला करता येते आणि दहा-बारा वर्षं ती करायला मिळालेली नसते, तेव्हा माणूस विचारत बसत नाही. प्रत्येकाला म्हटलं, "अस्वलीण दोन पिल्लांसह बेकरीमागच्या बोळात आहे. सावध राहा."

स्पष्ट उच्चार, पूर्ण पत्ता, एकही शब्द जास्त नाही. आणि सावध राहायला सगळा गाव त्याच बोळात आला.

कुणी मुलाला खांद्यावर घेऊन, कुणी चहाचा कप हातात तसाच. गर्दीमुळे टवाळ पिल्लू भिंतीवर चढलं. भिंत माणसांच्या मागे, आई माणसांच्या पुढे. पुढचं तुला मी कशाला सांगू. ती पिल्लाकडे निघाली आणि वाटेत बेकरीवाला होता, पाठ करून पळणारा.

हे रेंजरला ठाऊक नाही. तिला निवेदन ठाऊक आहे. खाली चाळीस सह्या आहेत.

तुझी बहीण

१७ सप्टेंबर, सकाळी सात

तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. मला हसू येतंय.

तिसऱ्या मळ्यात पिल्लांचे ठसे दिसले म्हणून रेंजरने तुला बोलावलं, आणि गावात मोकळी खोली फक्त माझ्याकडे म्हणून इथे ठेवलं. तिने विचारलं, बाई, तुमची काही हरकत? मी म्हटलं, पाहुणा म्हणजे पाहुणा. तू म्हणालास, मला कुठेही चालेल. आपण बहीण-भाऊ आहोत हे तिला कळलं तेव्हा तिने आळीपाळीने दोघांच्या नाकांकडे पाहिलं. नाक खोटं बोलत नाही.

दोन दिवसांत तू माझ्याशी चार शब्द बोललास: "मीठ", "पुरे", "बंदूक" आणि "नको". त्यातले दोन जेवताना आणि दोन मी तुझी बंदूक कपाटात ठेवू का विचारलं तेव्हा. तू म्हातारा झालास. उजव्या कानाने ऐकू येत नाही ना तुला? मी त्या बाजूने बोलून पाहिलं.

काल तू बोळात जाऊन पावलं मोजत होतास. भिंतीपासून खड्ड्यापर्यंत, खड्ड्यापासून बेकरीच्या दारापर्यंत. मोजून झाल्यावर तू माझ्या खिडकीकडे पाहिलंस. म्हणून आता उरलेलं सांगते आणि हे दाराखालून सरकवते, म्हणजे तुला वर बघावं लागणार नाही.

निवेदन मी लिहिलं. शब्द न् शब्द माझा. दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळे बसले होते, वरचं कार्यालय लेखी मागत होतं आणि कुणालाच लिहायचं नव्हतं की आपण मुलाबाळांना घेऊन तमाशा बघायला गेलो आणि शेजाऱ्याचा जीव जाता जाता वाचला. अध्यक्ष म्हणाले, ऑपरेटरबाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे. मी पेन घेतलं. "बेकरीचे मालक आपल्या दारात शांतपणे उभे असता" हे वाक्य लिहिलं तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मीही सोडला. बोळात चाळीस माणसं नव्हतीच म्हटल्यावर त्यांना तिथे कुणी बोलावलं हा प्रश्नच उरला नाही. अस्वलीण काही सभेत येऊन हरकत घेणार नव्हती.

खोटं लिहिताना माझं अक्षर फार चांगलं येतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणं वाईट, चहाडी त्याहून वाईट. मी दोन्ही केलं, आणि पहिल्यांदा तुझ्या बाबतीत केलं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी तू वसतिगृहातून, जिच्याशी लग्न करायचं होतं त्या मुलीला ट्रंक कॉल लावलास, तो मीच जोडला. जोडल्यावर ऑपरेटरने ऐकायची कळ बंद करायची असते. मी केली नाही. पळून जायची अकरा तारीख, सकाळची गाडी, तिने निळी पिशवी आणायची, सगळं ऐकलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. तू एकवीस वर्षांचा होतास, मला वाटलं तुझं आयुष्य वाचवते आहे. गाडीच्या आधी बाबा तिच्या घरी पोचले. तू येऊन मला विचारलंस, तू ऐकलंस का? मी म्हटलं, नाही, शपथ.

बस. आता नाश्ता टेबलावर ठेवते.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी सात

आज बेकरीच्या छपरावरून तुला अस्वलीण दिसली. मी दिसले नाही. म्हणून माझी बाजू लिहिते.

सव्वाचारला टेहळणीवाल्याचा फोन आला. वाऱ्याने वरच्या मळ्यातलं एक झाड मोडलं होतं, फळं ओढ्यात वाहत आली होती आणि ती फळांमागोमाग थेट पेठेच्या तोंडाशी पोचली होती. पिल्लं बरोबर. तू तेव्हा अंगणात बसून बूट साफ करत होतास. मी नुसतं म्हटलं, पेठ. तू एक बूट घातलास, दुसरा बोळात घातलास बहुतेक.

रेंजरने आणि मी दहा दिवस डोकं लावून वाक्य ठरवलं होतं. त्यात पत्ता नाही. अस्वल कुठे आहे हे कुणालाच सांगायचं नाही. कळलं की माणूस बघायला जातो, नाही कळलं की दाराला कडी घालतो. "दार लावा. घरातली मुलं मोजा. गेली की सांगते." लगेच फोन खाली. पुढचा नंबर.

एक, दोन, तीन, चार. मी तुला सांगते, बोर्डावर बसायचे त्या दिवसांत सुद्धा अशी बोटं चालली नव्हती. शिंपीण म्हणाली, कुठे आहे हो? मी फोन ठेवला. अध्यक्ष म्हणाले, मी समितीचा अध्यक्ष आहे, मला तरी सांगा. मी फोन ठेवला. जन्मभर लोकांचं बोलणं ऐकत बसायची सवय, आज पहिल्यांदा कुणाचंही ऐकलं नाही. खिडकीतून पेठ दिसत होती. एकेक दार बंद होत गेलं. सायकली तशाच पडलेल्या, एका दुकानाबाहेर तराजू झुलत होता, आणि मधोमध ती, नाक उचलून.

चाळीस झाले. एक्केचाळिसावा बेकरीवाल्याचा, शेवटी ठेवला होता कारण त्याला फोन करायचं धैर्य होत नव्हतं. घंटी वाजत राहिली. मला माझ्या फोनमध्ये आणि खिडकीतून त्याच्या घरातही ऐकू येत होती. अस्वलीण बरोबर त्याच्या दारासमोर थांबली. मी छपरावर पाहिलं, तुझी बंदूक खांद्याला लागली होती. एक माणूस बाहेर आला असता तर संपलं असतं. मला वाटलं, आपणच धावत जावं. रेंजरचं वाक्य आठवलं, बाई, तुम्ही गेलात तर तुम्हीच गर्दी. मी बसून राहिले.

सोळाव्या घंटीला त्याने उचलला.

"बाई, ती माझ्या दारात आहे," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "माझ्या हातात कुऱ्हाड आहे. मी दार उघडतोय. या वेळी पाठ करणार नाही."

दार लावा, मुलं मोजा, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तुमच्या खांद्याला ती नाही लागली. मी लागले."

"काय?"

"त्या दिवशी गावाला बोळात मी पाठवलं. एकेकाला फोन करून पत्ता दिला. तुम्हाला सुद्धा. तुम्ही भट्टीपाशी होतात, मी फोन केला नसता तर तिथेच राहिला असतात. कुऱ्हाड मारायची तर इकडे या, मी दार उघडं ठेवते. पण ती जाईपर्यंत थांबा."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे त्याची बायको काहीतरी म्हणाली. टवाळ पिल्लू त्याच्या पायरीवर चढलं, उतरलं. ओढ्याच्या बाजूने वारा आला, आईने तोंड वळवलं आणि चालायला लागली. पेठ संपली, पूल संपला. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.

"गेली," मी म्हटलं.

"दिसलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी टेबलावर डोकं ठेवून रडत बसले, आणि बाकीच्या चाळीस घरांना ती गेली हे सांगायचंच विसरले. सहा वाजता शिंपिणीने भीत भीत फोन केला, ऑपरेटरबाई, भाजी आणायला गेलं तर चालेल का? तोपर्यंत अख्खा गाव कड्या लावून बसला होता. या गावाने आजवर कुणाचं एवढं ऐकलेलं नाही.

तू अजून आला नाहीस. छपरावर बसून काय करतो आहेस?

२३ सप्टेंबर

तू बसने गेलास, त्याआधी अंगणात माझ्याशी जे बोललास ते मी शब्दशः लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी त्यात स्वतःच्या सोयीचे बदल करीन.

तू म्हणालास, "तू नाही म्हणालीस आणि मी विश्वास ठेवला. मग ती तारीख माहीत असलेलं दुसरं कोण उरलं? तीच. मला वाटलं, तिनेच घाबरून घरी सांगितलं. म्हणून मी तिला शोधायला गेलो नाही."

मी इतकी वर्षं समजत होते की तुला माझा संशय आहे. तुला नव्हताच. तू तिच्यावर रागावून त्रेचाळीस वर्षं काढलीस. माझी वाचा बसलेली पाहणारा तू पहिला माणूस. मग तू अहवालाची प्रत माझ्या हातात दिलीस आणि गेलास.

अहवाल वाचला. "१९ रोजी प्राणी पेठेतून अकरा मिनिटं चालला. रस्त्यावर कुणी नव्हतं. धोका झाला नाही. गोळी झाडली नाही. मात्र २८ ऑगस्टचं निवेदन खरं असेल तर प्राणी विनाकारण हल्ला करणारा आहे आणि आदेशाची मुदत वाढवावी. ते खरं आहे की नाही, हे लिहिणाऱ्याने सांगावं." पावलं मोजलेला नकाशा तुझ्याकडे होता, माझं पत्र होतं. ते दाखवून मोकळा झाला असतास. तू दाखवलं नाहीस. माझ्यावर ठेवलंस. दुष्ट आहेस. बरोबर केलंस.

काल सभा भरवली. मी उभी राहिले आणि म्हटलं, निवेदन मी मागे घेते, ते खोटं आहे. जे घडलं ते वाचून दाखवलं, चहाच्या कपासकट. माझे फोन सगळ्यात आधी घातले होते. अर्धं वाचून होईपर्यंत ओरडा सुरू झाला. आमच्या सह्यांचं काय? आम्हाला खोटारडे ठरवता? अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही सही केली. मी म्हटलं, खरं आहे, तेही यात लिहिलंय, पान दोन. शिंपीण म्हणाली, एका जनावरासाठी गावाचं नाक कापलंत. रेंजर भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून झोंबते आहे. मी तिला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

बेकरीवाला मागच्या बाकावर होता. त्याची सही मिळाली तर बाकीच्यांची गरज नव्हती, मार त्याने खाल्ला होता. तो उठला, पट्ट्यातला हात सावरत पुढे आला, कागद पूर्ण वाचला. वाचायला त्याला फार वेळ लागतो, कुणी घाई केली नाही. मग म्हणाला, "खड्ड्याचं लिहिलं नाही तुम्ही."

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गाळलं.

"घाला," तो म्हणाला. "खड्डा माझा होता." ते घातलं. मग त्याने डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी. त्याच्यानंतर आठ जणांनी केली. एकतीस जण सही न करता उठून गेले.

२ ऑक्टोबर

बंधुराज,

आदेश रद्द झाला. कागद आज रेंजरने आणून दिला, वाचून दाखवला नाही, नुसता टेबलावर ठेवला. वनखात्याच्या नोंदवहीत आता लिहिलं आहे: "पिल्लाच्या बचावासाठी, जमावाने वेढल्यामुळे." तुझा नकाशा सोबत जोडलेला आहे. म्हणजे तू तो नंतर पाठवलास, माझं सांगून झाल्यावर. मी काही म्हणत नाही.

गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. दुकानात रांगेत उभी राहिले की पुढची बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि पाठ करते. अध्यक्ष रस्ता ओलांडतात. मला वाटायचं, आपली जीभ एवढी धारदार, आपल्याला कुणाची गरज नाही. गरज आहे.

तुझ्या त्या निळ्या पिशवीवाल्या मुलीचा पत्ता मी शोधते आहे. जुन्या एक्स्चेंजमधल्या दोघीजणी अजून आहेत, त्यांना फोन केले. सापडला तर तुला कळवीन. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ, मी मध्ये पडणार नाही, ऐकणार तर मुळीच नाही.

आज सकाळी सात वाजता अस्वलीण ओढ्यापलीकडे दिसली. पिल्लं चांगली पुष्ट झाली आहेत. टेहळणीवाल्याने कळवलं आणि मी रिसीव्हर उचलून क्षणभर बसले. म्हटलं, आता कोण कशाला माझा फोन घेईल.

पहिल्याच घंटीला शिंपिणीने घेतला. मी माझं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "हं." अध्यक्ष म्हणाले, "हं." मधवाले आजोबा, शाळा, पोस्ट, सगळ्यांनी पहिल्या नाही तर दुसऱ्या घंटीला उचलला आणि एका शब्दाच्या वर कुणी बोललं नाही. एक्केचाळीस वेळा हं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती पलीकडच्या काठाने पाणी पीत पीत वर गेली आणि दिसेनाशी झाली.

मग मी एकेकाला सांगितलं, गेली. या वेळी एकही घर विसरले नाही.

तुझी बहीण